एक मिलिमीटरची खाच

यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत धर्मपाल भगत सत्तावीस वर्षं नोकरीला होते. कागदावर आखलेलं सर्किट तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचं आणि नको असलेलं तांबं द्रावणात विरघळवून काढायचं, हे त्यांचं काम. त्यापायी नखं कायमची पिवळी झालेली. "लग्नाची हळद अजून उतरली नाही तुमची," असं त्यांची बायको कौसल्या म्हणायची.

महागावकडच्या तांड्यातून आलेल्या तरुण प्राध्यापिका वर्षा राठोड तेव्हा एक अँटेना बनवत होत्या. काडेपेटीएवढा, चपटा.

"काका, वायफायच्या दोन वाटा असतात," त्यांनी समजावलं होतं. "एक लांब जाते, दुसरी जोरात धावते. ह्या एकाच तुकड्याले दोन्ही ऐकू आल्या पाहिजेत."

त्यासाठी तांब्याच्या चौकोनात त्यांनी एक वळणदार खाच आखली होती, बरोबर एक मिलिमीटर रुंद.

कॉम्प्युटरवर सगळं जुळायचं. आलेखात दोन खड्डे पडायचे, एकेका वाटेचा एक, हवे तिथेच. धर्मपालांनी बनवलेला तुकडा यंत्राला जोडला, की पहिला खड्डा जागेवर अन् दुसरा भलतीकडे. तीन तुकडे झाले, तिन्हींची तीच गत. वर्षा मॅडम महिनाभर गणितं उलटीपालटी करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "जाऊ द्या काका, दुसरी वाट सोडून देते मी."

धर्मपालांच्या मनात कधीची पाल चुकचुकत होती. वर्षभरापासून बारीक कडा त्यांना धुक्यातल्यासारख्या दिसत. पत्रा द्रावणातून कधी काढायचा, ते अंदाजानंच ठरवत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिन्ही तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. एकाची खाच सव्वा मिलिमीटर, दुसऱ्याची त्याहून जास्त, तिसऱ्याच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या.

ते तसेच स्टुलावर बसून राहिले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. बोललं तर उद्या फाटकावर पहाऱ्याला बसवतील. न बोललं तर कोणाला कळणारही नव्हतं.

"मॅडम, तुमचं गणित बरोबर हाये," संध्याकाळी ते म्हणाले. "माह्या हातानं बिघडलं. मले बारीक दिसून नाही राह्यलं."

वर्षा मॅडमचा चेहरा लाल झाला. "महिना गेला माझा, काका! काहून नाही सांगितलं?"

"भेव वाटलं."

त्या तडक निघून गेल्या. सकाळी मात्र घड्याळ आणि वही घेऊन हजर. "पत्रा द्रावणात टाका. मी पाहते, तुम्ही सांगा."

दिवसभरात पाच तुकडे झाले. "हे पाणी वरूनच खात नाही, मॅडम, बाजूनंही खाते. कितीही जपा, थोडं खातेच," धर्मपाल म्हणाले. हे वर्षा मॅडमच्या गणितात कुठंच नव्हतं. मग त्यांनी खाच मुद्दाम तेवढी अरुंद आखली. सहाव्या तुकड्याचा दुसरा खड्डा थोडा उथळ पडला, पण जागेवर पडला.

वर्षा मॅडम विभागप्रमुखांशी बोलल्या. धर्मपालांना कोणी फाटकावर पाठवलं नाही. मे महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. परत आले तेव्हा मॅडमनी अहवालातलं एक पान पुढे ठेवलं. द्रावणात किती मिनिटं ठेवल्यावर खाच किती रुंदावते, त्याचा तक्ता होता, खाली धर्मपालांचं नाव.

त्यांनी पान दोनदा वाचलं, बोट ठेवून.

"हे उन्हाळ्याचं झालं, मॅडम. हिवाळ्यात द्रावण सुस्त पडते. तेही लिहा."

मॅडमनी पेन उघडलं.