दाराची चहाडी

अणुवीज केंद्रात त्यांना तोंडावर सगळे साहेब म्हणत आणि पाठ वळली की नियमकाका. घरी कुकरची शिट्टी जरा लांबली तरी हे गृहस्थ ताडकन उठून गॅसपाशी हजर! बायकोनं त्यांच्यापुढे हात टेकले होते.

नियंत्रण कक्षातली मधली खुर्ची त्यांची, शिफ्टप्रमुखाची. समोरच्या काट्यांवर नजर ठेवून अख्खी अणुभट्टी चालवायची. त्या खुर्चीवर त्यांचा जेवढा जीव, तेवढा लग्नाच्या बायकोवरही नसावा. खुर्चीला अट एकच, तब्येत ठणठणीत हवी. काही दुखलंखुपलं तर आधी केंद्राच्या डॉक्टरला सांगायचं. हा नियम ते नव्या लोकांना डोळे वटारून शिकवत. "लपवालपवी चालणार नाही! माणूस थापा मारेल, यंत्र मारत नाही."

आणि याच महाशयांच्या छातीत जिना चढताना कळ यायला लागली. सांगितलं का कुणाला? नाव नको! खुर्ची जाईल ना! बायकोला मीटिंग आहे म्हणाले आणि मेहुण्याला सोबत घेऊन गुपचूप लांबच्या हॉस्पिटलात गेले. तिथं हृदयाचा फोटो नीट यावा म्हणून शिरेत किरणोत्सारी औषध टोचलं. नर्सनं बजावलं, "एक-दोन दिवस लहान मुलांना जवळ घेऊ नका हं."

"मला शिकवता? जन्म गेला माझा अणुभट्टीत!"

दुसऱ्या दिवशी स्वारी ऐटीत कामावर. केंद्राच्या दारात एक चौकट आहे. अंगावर किरणोत्सार असला की ती बोंब मारते. साहेबांनी पाऊल टाकलं मात्र, चौकटीनं टाहो फोडला!

"बिघडलंय यंत्र," साहेब म्हणाले.

दारावरच्या रखवालदार बाई जागच्या हलल्या नाहीत. "यंत्र थापा मारत नाही, तुम्हीच सांगता. कपडे बदला साहेब."

बदलले. पुन्हा टाहो. मागे रांग खोळंबलेली, माना उंचावलेल्या. बाईंनी हातातलं मीटर फिरवलं. बुटांपाशी ते गप्प, खिशांपाशी गप्प, डाव्या छातीपाशी आलं आणि कडाडायला लागलं.

"आतून बाहेर काही जाऊ नये म्हणून आपण एवढं जपतो," बाई म्हणाल्या. "बाहेरून आत घेऊन येणारे तुम्ही पहिलेच!"

तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात उजेड पडला. किरणोत्सार म्हणजे दाराच्या आतली गोष्ट, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तो आपल्याच अंगातून आत येईल हे सुचलंच नाही. एवढा मोठा जाणकार, आणि अक्कल गहाण! डॉक्टर आले, विचारपूस झाली, सगळं बाहेर पडलं. कक्षाचं कार्ड काढून घेतलं आणि घरी फोन गेला.

बायको धापा टाकत आली. साहेब दाराशेजारच्या बाकावर परक्या कपड्यांत बसलेले.

"खुर्ची गेली गं," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

तिनं त्यांना रडू दिलं. मग शेजारी बसली.

"भट्टीचा एक काटा इकडचा तिकडे झाला तरी मला जेवताना सांगायचात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी ऐकायचे. आणि तुमच्या छातीत दुखतंय, हे मला या दारानं सांगायचं?"