झुडपातला सरदार

साकोलीच्या कॉलेजात मी आयुष्यभर इतिहास शिकवला, पण ऑटरबर्नची लढाई मला कधी धड सांगता आली नाही. चौदाव्या शतकात स्कॉटलंड-इंग्लंडच्या सरहद्दीवर दोन फौजा अंधारात भिडल्या. इंग्रज मुख्य छावणी समजून शिरले ते नोकरचाकरांच्या तळात! स्कॉटिश सरदार पडला. मरताना म्हणाला म्हणे, मला झुडपात लपवा, माझ्या माणसांना कळू देऊ नका. ती माणसं त्याच्याच नावाने ओरडत लढली आणि जिंकली. यातलं खरं किती आणि भाटांनी रंगवलेलं किती, देव जाणे.

गेल्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळलेल्या दादाला, माझ्या थोरल्या भावाला, मी हीच लढाई सांगत बसलो होतो. पुतणी औषध घेऊन उभी होती. तिचं लग्न तोंडावर आलेलं.

"मंग जितलं कोण? जो मेला तो?" दादाने विचारलं.

"तसंच समज."

"मास्तर असून तुले सांगता येत नाही!" तो हसला. "माह्यं बी असंच झालं तं लग्न थांबवू नोको. मले झुडपात लपवून देजो."

थट्टा होती की निरोप, मला कळेना. मी चिडून त्याला गप्प केलं. पुतणीने औषधाचा चमचा त्याच्या तोंडाला लावला.

लग्नाच्या दिवशी वरात शहापूरहून निघाल्याचा फोन आला. ते सांगायला मी मागच्या खोलीत गेलो. कूलर बंद, आणि भर मे महिन्यात दादाच्या अंगावर गळ्यापर्यंत चादर. वहिनीची ही कसली काळजी, असं पुटपुटत मी चादर काढायला गेलो. दादा गेला होता.

मला रडूही येईना. आमच्याकडे सुतक कळल्यापासून लागतं. म्हणजे भरल्या मांडवात ते एकट्या मला लागलेलं. सांगितलं तर लग्न थांबणार. नाही सांगितलं तर सुतकी हातांनी कन्यादान, कारण दादाच्या जागी पाटावर मीच बसणार होतो. काही सुचेना. शेवटी बाहेरून कडी घातली आणि दादाचा डोळा लागला आहे, असं जो भेटेल त्याला सांगत सुटलो.

कन्यादानाला मी हात पुढे केले. पुतणीने ते घट्ट धरले. नवरीला धीर द्यायचा तर तीच मला देत होती, याची मला लाज वाटली.

पाठवणीच्या वेळी ती मागच्या खोलीकडे वळली. मी दारात आडवा झालो.

"झोपला आहे बाई. उठवू नोको."

"नाही उठवत, काका." तिने कडीला हात लावला नाही. खाली वाकून उंबऱ्यावर डोकं टेकलं. "मी सकाळीच पाया पडून आली. कूलर बंद करून चादर मीच टाकली."