टीव्हीकडे पाठ

आत्याबाई राणीची मालिका टीव्हीकडे पाठ करून बघत.

नेकनूरच्या शाळेत मी नवा मास्तर होतो आणि आत्याबाईंच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. त्यांचे यजमान जाताना एक कृष्णधवल टीव्ही मागे ठेवून गेले होते. रविवारी सकाळी सगळी गल्ली त्याच्यासमोर जमे. टीव्ही लोखंडी पेटीवर, पेटीपुढे पाट, आणि पाटावर आमच्याकडे तोंड करून आत्याबाई. मागे तलवारी खणखणत, घोडे खिंकाळत, पण त्यांनी कधी मान वळवली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "राणी बघायला तुमी हाव की मास्तर. मी तुमाला बघती. तुमच्या तोंडावर समदं दिसतं."

अंधारलेल्या खोलीत पडद्याचा उजेड आमच्या चेहऱ्यांवर हलत असे आणि त्या तो वाचत असत. पहिल्या रविवारी मला अवघडल्यासारखं झालं. नंतर सवय झाली. म्हणजे मी तशी समजूत करून घेतली.

मालिका जुन्या थाटाची होती. राणी बुरुजावर हात आपटायची आणि बुरुज हलायचा. दोन्ही सैन्यांत एकच हत्ती होता, मागच्या डाव्या पायानं लंगडणारा. तह झाला तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हा विचार मी बरेच दिवस करत होतो. माझी ही मतं गल्लीत कुणी मनावर घेत नसे. स्कूटर दुरुस्त करणारे रशीदभाई मालिकेकडे धंद्याच्या नजरेनं बघत. "घोडा चढावर दम टाकतोय बे," ते म्हणत, "पिकप गेलाय त्याचा." शेजारची गंगू ऊसतोडीला जाणारी. तिला राणी पसंत होती, पण एक तक्रार होती. "नुसती बोलती वो. कामाला हात न्हाई."

यावर आत्याबाईंचं मत अखेरचं मानलं जाई. ज्या बाईनं राणीचं तोंड पाहिलेलं नाही, तिचं. "बोलंल न्हाई तर काय करंल," त्या म्हणत. "तिला म्हाईत हाय, बोलणं थांबलं की मारत्यात."

दिवाळी झाली की निम्मी गल्ली कोयते बांधून कारखान्यांच्या वाटेला लागे आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परते. मधले भाग त्यांचे बुडत. त्यावर गल्लीनं तोड काढली होती: परतलेल्या बाया दुपारी आत्याबाईंच्या ओट्यावर बसत आणि आत्याबाई त्यांना बुडालेले भाग सांगत. मी खिडकीतून ऐकत असे. त्या सांगत ते पडद्यावर मी पाहिलेलं नसे. मालिकेतला दरबार पुठ्ठ्याचा होता. यांच्या सांगण्यातल्या दरबाराला ओल्या मातीचा वास होता. मालिकेतली राणी उजव्या हातात तलवार धरी. यांची राणी डाव्या हातात. मी एकदा चूक दाखवली. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुमच्या तोंडावर डाव्याच हातात व्हती," त्या म्हणाल्या.

डावखुरी होती ती त्यांची मुलगी, शेवंता. पाटोद्याकडे दिलेली. भाकरीसुद्धा डाव्या हातानं थापायची, म्हणून सासू कटकट करायची. तीही दरवर्षी नवऱ्यासोबत तोडीला जाई, गंगूच्याच टोळीत.

मालिकेचा शेवटचा भाग लागला त्या रविवारी खोलीत बसायला जागा नव्हती. राणी वेढली गेली होती. नदी समोर, शत्रू मागे. आम्ही सगळे पडद्यात अडकलेलो आणि दार आमच्या पाठीशी. दाराकडे तोंड फक्त आत्याबाईंचं. शेवंताचा दीर दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन, तो आम्हाला कुणाला दिसला नाही. त्याचं तोंड आत्याबाईंनी वाचलं. तो काही बोलायच्या आत त्यांनी न वळता हात मागे नेला आणि टीव्ही बंद केला.

उजेड गेला. कुणीतरी "आगं, कावून बंद केला?" म्हणालं.

"भाग संपला न्हाई अजून," आत्याबाई म्हणाल्या. त्या दिराला म्हणाल्या की आम्हाला, ते मला आजही सांगता येणार नाही. चपला घालून त्या त्याच्या मागोमाग निघाल्या. शेवंता बसलेली उसाची ट्रॉली उलटल्याचं आम्हाला नंतर कळलं. टीव्ही पुन्हा लावायचा धीर कुणाला झाला नाही. त्या खोलीतल्या कुणीच राणीचा शेवट पाहिला नाही.

पाडव्याला टोळ्या परतल्या. यंदा ओटा रिकामाच राहणार, असं मी धरून चाललो होतो. पण दुपारी आत्याबाई येऊन बसल्या आणि त्यांनी शेवटचा भाग सांगितला. त्यात राणी पडत नाही. नदीकाठच्या बारवेत उतरते. एकेक पायरी खाली जाते, तलवार धुते, पुन्हा वर येते. हिरवं लुगडं, गुडघ्यापर्यंत भिजलेलं. वरच्या पायरीवर थांबते, वळते आणि आपल्याकडे बघते. तलवार डाव्या हातात.

गंगू त्या ट्रॉलीच्या मागच्याच ट्रॉलीत होती. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "हा. तसंच झालं."

पुढे माझी बदली झाली आणि निवृत्तीनंतर मी बीडला स्थिरावलो. टीव्ही कधीच भंगारात गेला. पण मालिका मरत नाहीत. ही मोबाइलवर परत आली. प्रत्येक भागाखाली प्रेक्षकांची मतं: बालपण परत आलं, असा अभिनय आता होणे नाही, हल्लीच्या राण्या नुसत्या दागिने मिरवतात. लंगड्या हत्तीबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं.

यंदा नेकनूरला गेलो, तर गंगूनं मला गल्लीतच अडवलं. तिनं सुनेच्या मोबाइलवर सगळे भाग पाहिले होते, शेवटचा मात्र राणी नदीकाठी पोचताच थांबवला होता. "मास्तर, ह्यात नदी हाय, पर बारवच न्हाई! कापली का कुणी?"

मी समजावलं की बारव कधीच नव्हती, ती आत्याबाईंनी सांगितलेली. शेजारीच स्कूटर खोलून बसलेले रशीदभाई हसले. "सर, क्या बात करताय? मी बघितली ना. हिरवं लुगडं हाय अंगावर."

"टीव्ही कृष्णधवल होता, रशीदभाई."

 म्हटलं खरं, पण ते भिजलेलं हिरवं लुगडं मलाही आठवत होतं. सांगितलेलं नव्हे, पाहिलेलं.

आत्याबाई खाटेवर होत्या. पार वाळलेल्या. मला बघून म्हणाल्या, "मास्तर, गंगू म्हणती, मोबाइलात शेवटचा भाग हाय."

"आहे."

"तुमी बघा. मी तुमच्या तोंडाकडं बघती."

गंगूनं मोबाइल माझ्या हातात दिला. पडद्यावर शेवटचा भाग थांबलेला होता, राणी नदीकाठी, मध्ये तो त्रिकोण. मी भूत मानत नाही, दैव मानत नाही, गावातले सत्कारसमारंभही मानत नाही. एक बोट टेकवायचं होतं. पण राणी पडली असती तर ते माझ्या तोंडावर उमटलं असतं, आणि इतकी वर्षं न संपलेला भाग त्या खाटेवर संपला असता.

मी बोट टेकवलं नाही. नुसता बघत राहिलो. थोड्या वेळानं पडदा आपोआप काळा झाला आणि काचेत माझं तोंड दिसू लागलं. गंगूला हे सगळं दिसत होतं. 

आत्याबाई माझ्या चेहऱ्याकडे एकटक बघत होत्या. मग त्यांचा श्वास सैल झाला.

"आली वर," त्या म्हणाल्या. "लई भिजली."

माझी नजर काळ्या काचेवरून हलली नव्हती. त्यांनी काय वाचलं, मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. दहाव्याला लिंबागणेशकडून पाहुणे आले, पाटोद्याकडून शेवंताचा दीरही आला, आता म्हातारा झालेला. तो दारातच बसला, आत आला नाही.

बीडला परतल्यावर मी शेवटच्या भागाखालची मतं वाचत बसलो. भाग लावला नाही. खाली कुणीतरी विचारलं होतं: "राणी बारवेतून वर येते आणि डाव्या हातात तलवार घेऊन वळून बघते, तो प्रसंग कितव्या भागात आहे? सापडत नाही." नाव अनोळखी, गावाचा पत्ता नाही. तोडीला गेलेल्या एखाद्या घरातलं पोर असेल, मी स्वतःला सांगितलं. बीडची माणसं कुठंही असतात.

'असा प्रसंग मालिकेत नाही' असं लिहायला घेतलं आणि खोडलं. मग लिहिलं, "शेवटचा भाग संपायच्या आत बंद करा. दिसेल."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं.

"दिसली. धन्यवाद. पण खालच्या पायरीवर एक म्हातारी बसलेली आहे. राणीकडे पाठ करून, आपल्याकडे बघत. ती कोण?"