खाडीला आलेला पूर

हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा धुळ्याच्या एका वकिलाचा नवाकोरा सदरा खराब झाला आणि बोलणी मला बसली.

लग्न जमतंय की मोडतंय, अशा दिवसांतली ही गोष्ट. सुमन मला पसंत होती, मी सुमनला पसंत होतो. अडत होतं ते तिच्या वडिलांपाशी. अमळनेरचे नाना! तेलाचे व्यापारी, आणि दारूबंदी समितीचे अध्यक्ष. दारूबंदी तेव्हा नवीनवी होती. रस्त्यात कुणी ठेचकाळला तरी नाना त्याचं तोंड हुंगून पाहायचे.

नाना म्हणाले, "मुलाला व्यसन आहे की नाही, हे बैठकीत कळत नाही. प्रवासात कळतं." झालं! तेलाचे डबे मुंबईहून गलबतानं कोकणातल्या एका खाडीत जायचे होते. डब्यांबरोबर नाना निघाले आणि नानांबरोबर मी. सुमनसाठी दुसरं स्थळ तयार होतं, पारोळ्याचा मास्तर. मी नापास झालो की तो पास!

आता मी पडलो तापीकाठचा माणूस. "पाण्याचं मला काही सांगू नका," असं मी गलबताच्या तांडेलाला चढताचढताच सांगून टाकलं. आणि बंदर सुटल्यावर थोड्याच वेळात घरून आणलेल्या कळण्याच्या भाकरीसकट सगळं अरबी समुद्राला अर्पण केलं. तो गलबतावरचा संसार काय वर्णावा! तेलाच्या डब्यांवर झोपायचं, शिडाच्या सावलीत बसायचं, आणि शिडाची बाजू बदलली की सावलीबरोबर आपणही सरकायचं. नाना आपले मजेत. येताजाता माझं तोंड हुंगायचे.

एकदाचं गलबत खाडीत शिरलं. सकाळी उठून पाहतो तर काय? पाणी गायब! गलबत चिखलात फतकल मारून बसलेलं, आणि शेजारी वाळूचा छान कोरडा पट्टा.

तांडेल खलाशांना घेऊन गावात निघाला. जाताना म्हणाला, "भाऊ, सामान वरच राहू दे हं."

"तुम्ही निर्धास्त जा," मी म्हणालो. नानाही गिऱ्हाइकाला भेटायला त्यांच्याबरोबर गेले. राहिलो मी एकटा.

माझ्या मनात आलं, नानांवर छाप पाडायची तर हीच वेळ. आमच्याकडे गिरणा आटली की आटली! मग पावसाळ्यापर्यंत ते रान आपलंच. लोक नदीत डांगरांच्या वाड्या लावतात, भरताच्या पार्ट्या करतात, कुणी मधोमध खाट टाकून झोपतो. मी काय केलं, नानांची वळकटी, ट्रंक, भांडीकुंडी सगळं खाली वाळूत आणलं. दमट गाद्यांना ऊन दाखवलं. काठावरून काटक्या आणून जाळ केला आणि घरची हिरवी वांगी भाजायला टाकली. नाना परत येतात तो गरम भरीत तयार! मग काय बिशाद आहे पारोळ्याच्या मास्तराची?

तेवढ्यात पायाला गार लागलं. पाहतो तर पाणी! आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि पाणी चढतंय. चूल विझली. वांगी पोहायला लागली. बिनढगाचं पाणी म्हणजे काय, हे तापीकाठी शेंबडं पोरसुद्धा सांगेल. वर कुठंतरी पाऊस कोसळला आणि लोंढा सुटला! आणि काठावर तर झोपड्याच झोपड्या. बायका, पोरं!

आमच्या गावात पूर आला की थाळी बडवतात. मी नानांची पितळी परात उचलली, उलथनं घेतलं आणि कंबरभर पाण्यात उभा राहून जीव तोडून बडवायला लागलो. "पूर उना रे! बठ्ठा पया रेऽऽ!" पूर आला, सगळे पळा!

आणि गाव पळालं की! पण टेकडीकडे नाही, उलट पाण्याकडेच! एकेका झोपडीतून दोन-दोन माणसं मडकी घेऊन धावत यायची, खाडीत उपडी करायची आणि पुन्हा आणायला जायची. मला वाटलं, काय धीराची माणसं! पुरातसुद्धा भांडी रिकामी करून वाचवतायत. पण वास आला तेव्हा जरा शंका आली. त्या गावात दारूबंदी फार कडक होती. एकही मडकं उघड्यावर नव्हतं. आणि त्यांच्याकडे थाळी वाजली की एकच अर्थ, धाड!

गंमत म्हणजे धाड खरोखरच होती. खाकी कपड्यांतले साहेब पहाटेपासून माडांमागे डास मारत बसले होते. त्यांनी येऊन माझी मानगूटच धरली.

"इशारा देतोस? कोणाचा माणूस तू?"

"साहेब, पूर आला होता!"

"कुठं?"

"हा काय!"

साहेबांनी खाडीकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतक्यात तांडेल आणि नाना धावत आले. तांडेलानं कपाळावर हात मारला. "अहो, ही भरती! रोज येते."

"रोज?" मी विचारलं.

"रोज. आणि जाते."

"जाते कुठं?"

साहेब नानांकडे वळले. नानांनी धावत येतायेताच समितीचं नाव सांगितलं होतं, त्यामुळे आवाज जरा नरमला. "अध्यक्ष, याचं खरं मानलं तर हा ठार वेडा. खोटं मानलं तर दारूवाल्यांचा साथीदार, मग याला आत टाकतो. तुम्ही ओळखता ना? सांगा, काय आहे हा?"

माझा जीव टांगणीला! कोठडी एकीकडे, पारोळ्याचा मास्तर दुसरीकडे. नानांनी वाहत चाललेल्या ट्रंकेकडे पाहिलं. तिच्यामागून जाणाऱ्या वांग्यांकडे पाहिलं. आणि इतके दिवस जपलेली शुद्ध भाषा सोडून ते ओरडले, "साहेब, हाऊ बदमाश नही, हाऊ येडा शे! बदमाशीले अक्कल लागस!"

सुटलो! सबंध खाडी दारूनं घमघमत होती, पण माझ्या तोंडाला वास नव्हता; नानांनी तिथंच हुंगून खात्री केली. परतीच्या वाटेवर ते एकच वाक्य बोलले, "येडा जावई चाली जाई, पेताड नही."

पुढच्याच मुहूर्तावर लग्न झालं. आता दोन पोरं आहेत. नानांनी माझ्यातला जो एक गुण पाहून मुलगी दिली, तो मी अजून जसाच्या तसा टिकवून ठेवलाय, असं सुमन आल्यागेल्याला कौतुकानं सांगते.