वीस तोळ्यांचा आरसा

"हात न्हाय, डोळा लावायचा."

मिस्त्रींचं हे वाक्य मी किमान सव्वा लाख वेळा ऐकलं असेल. माझे सव्वा लाख म्हणजे तुमचे दोनचारशे धरा; मला ओळखणारे तसंच धरतात. वाक्य म्हणताना ते उजव्या हाताचं बोट आधी डाव्या तळव्यावर आपटायचे आणि मग डोळ्याखाली टेकवायचे. त्यांच्या परसात पाऊल टाकणारा पोस्टमन असो, गिरणीचा मॅनेजर असो की शेळी असो, हे ऐकल्याशिवाय कुणाला पुढं सरकता यायचं नाही. शेळीनं ऐकलं नाही, ते पुढं सांगतो.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याच्या घरात भांडी तीन आणि अवजारं तीनशे. मिस्त्री आमच्या गिरणीत फिटर होते. मूळचे वळसंगचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मी त्याच गिरणीत टाइम ऑफिसचा कारकून आणि सोलापूरच्या पूर्व भागात त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारा भाडेकरू. दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली होती. गल्लीत घरोघरी माग, आणि पहाटेपासून अशी खटाखट, की आमच्याकडची मुलं तालातच रडायची.

अशा गल्लीत या माणसानं परसात दुर्बीण उभी केली. खेळण्यातली नव्हे. एक धट्टाकट्टा माणूस आत उभा राहील एवढी नळी. (बसलेला म्हणा हवं तर.) या जातीच्या दुर्बिणीत पुढं भिंग नसतं, नळीच्या तळाशी वाटीसारखा किंचित खोल आरसा असतो, आणि सगळा जीव त्या आरशात. मिस्त्रींनी मुंबईच्या भंगारातून जहाजाच्या खिडकीची जाड काच आणली होती, चांगली ताटाएवढी. ती तेलाच्या पिंपावर ठेवून, वर दुसरी काच, मध्ये पाणी आणि कुरुंदाची पूड, आणि स्वतः पिंपाभोवती गोल गोल फिरत घासायची. चौदा महिने. गल्लीतल्या बायकांना वाटलं मिस्त्रींनी नवस बोललाय. मी सर्वांना सांगितलं, की हा माणूस पिंपाभोवती चालत चालत काशीला जाऊन परत आलाय. दोघांचंही फारसं चुकलं नव्हतं.

काच झाली, मग तिच्यावर चांदीचा मुलामा. फोटोवाल्याकडून चांदीचं औषध आणलं, साखरेचं पाणी केलं, आणि एका दुपारी काचेचा आरसा झाला. मी शेजारीच उभा होतो.

"चांदी किती लागली, मिस्त्री?"

"चांदी कसली साहेब? थंडीत काचंवर फुंकर मारल्यावर वाफ धरती, तेवढीच. बोट फिरवलं तर जाईल."

हे वाक्य मी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी पानाच्या दुकानावर सांगितलं: आरशात वीस तोळे चांदी आहे. का सांगितलं? वाफ म्हटलं असतं तर कुणी पान चघळायचं थांबलं नसतं. वीस तोळे म्हटल्यावर थांबले.

आता त्या आरशाची बडदास्त. राजाच्या एकुलत्या एका पोराची झाली नसेल. सोलापूरचं ऊन, गिरणीच्या चिमणीचा धूर, मागांतून उडणारी कापसाची तुसं आणि शेजाऱ्यांचं कुतूहल, असे चार शत्रू. मिस्त्रींनी गिरणीच्या भंगारातल्या ढकलगाडीचे रूळ परसात टाकले आणि त्यावर चाकांचं पत्र्याचं खोपटं बसवलं. दिवेलागणीला खोपटं ढकललं की दुर्बीण उघडी, परत ओढलं की बंद. पत्रा तापतो म्हणून वर चुना फासला आणि चुन्यावर कडबा अंथरला. तो कडबा समोरच्या अक्काच्या शेळीनं छपरावर चढून खाल्ला. मिस्त्री खाली उभं राहून तिला बोट दाखवून सांगत होते, "हात न्हाय, डोळा लावायचा," आणि ती वर शांतपणे चावत होती.

नळीला गिरणीतून डाग पडल्यामुळं बाद झालेल्या चादरींची खोळ, मोरांच्या नक्षीची. नळीच्या बुडाशी हात आत जाईल एवढं दार, आत आरशावर घट्ट लाकडी झाकण, झाकणाच्या आत फडक्यात बांधलेली कळीच्या चुन्याची पुरचुंडी, दमट हवा शोषायला. मागांच्या हादऱ्यानं शनी कथकली करायला लागला, तेव्हा जमिनीत पुरुषभर खड्डा खणून दुर्बिणीखाली स्वतंत्र खांब भरला. एवढं करूनही चिमणीच्या धुरानं चांदी वर्षभरात काळवंडायची. मग जुनी उतरवून नवी चढवायची. ते काम मात्र ते कुणाला बघू द्यायचे नाहीत, मला सोडून.

मला का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता विचारतो. गल्लीत मी एकटाच त्यांचं पूर्ण ऐकून घ्यायचो. मला गोष्टींना माल लागायचा, आणि त्यांना वाटायचं की मला आवड आहे.

माझ्या बोटात तेव्हा पुष्कराजाची अंगठी होती, गुरू प्रसन्न व्हावा म्हणून सासऱ्यांनी दिलेली. मी ती हिऱ्याची आहे असं सांगायचो. एका संध्याकाळी मिस्त्रींनी मला दुर्बिणीतून गुरू दाखवला, त्याच्या आजूबाजूला चार चंद्र, मोत्यांसारखे ओळीत. मी गप्प झालो. माझ्या बाबतीत हे नोंद घेण्यासारखं आहे.

"वर हाय बगा तुमचा गुरू," ते म्हणाले. "बोटात न्हाय."

त्याच संध्याकाळी खोपटं ओढून झाल्यावर ते रुळावर बसले आणि म्हणाले, "साहेब, एक डोळा गेलाय माजा. काचबिंदू म्हनत्यात. दुसरा दोन वर्सं काढंल, लई झालं तर. तवर जेवडं दिसंल तेवडं बगून घेतो. कुनाला सांगू नका."

आणि मी सांगितलं नाही. आयुष्यात मी एकच गोष्ट पोटात ठेवली, आणि ती नेमकी ती. गल्लीला ते कळलं असतं, तर त्या परसाकडं बघण्याची लोकांची नजर वेगळी झाली असती. पण जे सांगायचं ते मी गिळलं, आणि जे नव्हतंच ते सांगत हिंडलो.

त्या वर्षी नवरात्रात मिस्त्री बहिणीकडं वळसंगला गेले. परतीच्या पावसाचे दिवस. जाताना खोपट्याची किल्ली माझ्या हातात दिली.

"पाऊस आला तर ताडपत्री वडा. आत जायचं काम न्हाय. आन् झाकनाला तर अजिबात…"

"हात न्हाय, डोळा लावायचा," मी त्यांच्याच सुरात म्हणालो. ते खूप हसले. कुणाला तरी पाठ झालं, याचा त्यांना आनंद होता.

पाऊस आला नाही. खंडेनवमी आली. आमच्याकडं खंडेनवमीला मागाला, सायकलीला, शिवणयंत्राला, अडकित्त्यालासुद्धा हळदकुंकू आणि झेंडूची माळ. ज्यावर पोट चालतं ते धुवायचं, पुसायचं, पुजायचं. दुपारी समोरची अक्का दारात आली. तेलुगू विणकराची बायको, चार पोरांची आई, आणि ती शेळी हिचीच. हातात पूजेचं ताट, मागं तिची जाऊ.

"किल्ली द्या की ओ. सगळ्यांच्या मिशिनला पूजा झाली, मिस्त्रीअण्णाचीच मिशिन राहिली. वर्षभर आमचा माग फुकट दुरुस्त करतो माणूस. त्याच्या मिशिनीनं उपाशी राहायचं का?"

याला नाही कसं म्हणणार? मी दार उघडलं. नळीला माळ घातली, खांबाला कुंकू लावलं. इथवर सगळं छान होतं. मग अक्का म्हणाली, "ते चांदीचं कुठं आहे? तुम्ही सांगता ते, वीस तोळ्यांचं?"

मी झाकण काढलं.

आरसा काळपट पडला होता. दिवाळीनंतर नवी चांदी चढवायची, असं मिस्त्रींनी ठरवलेलं. अक्काचा चेहरा पडला. "अय्यो! देवाच्या घरात असं काळं ठेवतात का चांदी?" ती घरी गेली आणि रांगोळी घेऊन आली. चांदीचे देव, चांदीचं निरांजन आपण रांगोळीनंच घासतो. तिनं वेगळं काय केलं? मी तेव्हा दाराशी, पाठ करून, गल्लीतल्या चारपाच जणांना मिस्त्रींनी चंद्रावर माणूस चालताना कसा पाहिला ते सांगत होतो. गोष्ट रंगात आली होती. मागून नुसता घासल्याचा आवाज येत होता. दोन बायका, मनापासून, पाव तास.

मग आवाज थांबला.

"चांदी कुठं गेली?" अक्का म्हणाली.

आरशाच्या जागी काच होती, आणि तीही धुरकट, बाथरूमच्या खिडकीसारखी. ज्या काचेवर केसाच्या हजाराव्या भागाचा उंचवटा मिस्त्रींना सहन व्हायचा नाही, तिच्यावर रांगोळीचे ओरखडेच ओरखडे. अक्का रडायला लागली. काच बिघडली म्हणून नव्हे. तिला वाटलं, वीस तोळे चांदी तिच्या हातातून कुठं तरी गेली, आणि आता लोक तिलाच चोर म्हणणार. तिनं पोरांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी तिथं उभा होतो. "अक्का, चांदी नव्हतीच," एवढं तीन शब्दांचं वाक्य होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही, कारण दाराशी ते चारपाच जण उभे होते.

मिस्त्री दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले. खोपट्यात गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले. आधी समोर गेले, अक्काकडं.

"अक्का, रडू नगा. त्यात चांदी गुंजभर पन नव्हती. लोकं कायबी बोलत्यात."

मग माझ्याकडं आले. हात पुढं केला.

"किल्ली."

बस्स. एवढंच. मला वाटलं होतं शिव्या देतील. मी उत्तरंही तयार ठेवली होती.

"परत घासता येईल की, मिस्त्री," मी म्हणालो.

"येईल की. वरीस सव्वा वरीस. डोळा थांबत न्हाय तेवडा."

त्यानंतर हा माणूस घरोघरी जाऊन सांगत होता, की आरशात चांदी नव्हती. कुणी विश्वास ठेवला नाही. माझं खोटं त्यांच्या खऱ्यापेक्षा घट्ट विणलेलं होतं. अक्काच्या नवऱ्यानं पुढच्या वर्षी हप्त्यावर दुसरा माग आणला, तर पानाच्या दुकानावर लोक म्हणाले, "वीस तोळे बरे मुरले." नळावर बायका तिला बघून कुजबुजायच्या. ते बिऱ्हाड एका सकाळी भिवंडीला निघून गेलं. शेळी गल्लीतच विकली. मी टेम्पोत सामान चढवायला मदत केली. मदत करायला मी नेहमीच पुढं असतो.

मिस्त्रींनी गिरणी सोडली, खोपट्याचा पत्रा उतरवला आणि वळसंगला गेले. रूळ तेवढे परसात राहिले. त्यांवर पुढच्या भाडेकरणीनं कुरडया वाळवल्या.

दोन वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो. बहिणीच्या ओट्यावर बसले होते. माझ्या चपलांच्या आवाजाकडं तोंड वळवलं. दोन्ही डोळे गेले होते. मांडीवर मोरांच्या चादरीत गुंडाळलेली ती काच.

मी सवयीनं एक गोष्ट सुरू केली, की सोलापुरात आता मिस्त्रींच्या दुर्बिणीवर पोवाडा रचलाय. त्यांनी ऐकून घेतली. मग काच उघडली आणि तिच्यावर बोटं फिरवायला लागले, पाटीवरचं वाचावं तशी.

"ह्या रेगा बगा, समद्या गोल हायत. बाईचा हात भांडं घासताना गोल फिरतो. ह्या अक्काच्या. ह्या तिच्या जावंच्या, जरा हलक्या." बोट मधोमध येऊन थांबलं. "ही एक सरळ हाय. खोल हाय. ही रांगोळीची न्हाय."

आणि त्यांनी माझा हात धरला. चाचपत अंगठीवर आले.

वाचकहो, वर मी लिहिलंय की मी दाराशी पाठ करून उभा होतो. तेवढंच नव्हतं. झाकण मी काढलं, आरसा काळा निघाला, अक्काचा चेहरा पडला, आणि मला माझे वीस तोळे वाचवायचे होते. "अहो, खाली आहे चांदी, हे बघा," म्हणत मी मुठीनं मधोमध एक रेघ दाबून ओढली. पुष्कराजानं ती काचेत उतरवली. मी घासलं म्हणून अक्का रांगोळी आणायला गेली. मग मी दाराशी गेलो.

"पैल्या दिवशीच दिसली हुती," मिस्त्री म्हणाले. "डोळा हुता की तवा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी सांगशाल म्हनून थांबलो. तुमी समदंच सांगता की."

ते काच पुन्हा गुंडाळायला लागले. चादरीचं एक टोक ओट्यावरून खाली गेलं होतं, त्यांना सापडत नव्हतं. मी ते उचलून द्यायला वाकलो.

"हात न्हाय," ते म्हणाले.

पुढचं अर्धं वाक्य त्यांनी म्हटलंच नाही.