केडगावचे पाणबुडे आणि तिसगावची विहीर

किस्से गोळा करायला आम्हाला कुठं जावं लागत नाही. नगर जिल्ह्यात राहून 'आम्ही स्कूबा डायव्हिंग करतो' एवढं नुसतं म्हणा, समोरचा हसायला लागतो आणि तिथंच एक नवा किस्सा तयार होतो! विहिरीत गाळ साठावा तसे साठलेत.

आम्ही तिघं. माझा केडगावात फोटो स्टुडिओ. लग्न, बारसं, पासपोर्ट. सुनीता मॅडम संगमनेरला पोहायला शिकवतात, आणि आमच्यातल्या खऱ्याखुऱ्या डायव्हिंग इन्स्ट्रक्टर त्याच. तिसरे भाऊसाहेब, तिसगावचे कांदा पिकवणारे शेतकरी, वय पंचावन्न.

भाऊसाहेबांना ना रंगीत मासे बघायचे होते, ना प्रवाळ. त्यांच्या रानात एक विहीर आहे. त्यांनी आणि कमलताईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, ती स्वतःच्या हातानं खणलेली. बोअर घेतल्यापासून नुसती पडून. धाकटे भाऊ नाना म्हणायचे, "झरा मेलाय तिचा. हे पावसाचं साचलेलं पानी. बुजवून टाकू." कमलताई म्हणायच्या, "जित्ता हाय." उपसून बघावं तर आतलं जुनं दगडी बांधकाम ढासळायची भीती. मग खाली जाऊन बघणार कोण?

"मीच जातो की," भाऊसाहेब म्हणाले आणि मॅडमच्या क्लासला नाव घातलं!

* * *

पहिली चूक माझीच. मालवणला समुद्रात पहिल्यांदा कॅमेरा घेऊन उतरलो. वीस वर्षांची सवय कुठं जाणार? भाऊसाहेबांसमोर कॅमेरा धरला आणि बोटांनी गाल ताणून खूण केली, स्माईल! माणूस आज्ञाधारक. मनापासून हसले. हसलं की गाल वर जातात, मास्क सुटतो आणि खारं पाणी थेट नाकात!

वर आल्यावर खोकत खोकत म्हणाले, "आरं, माज्या लग्नात बी मला एवढं कुनी हसवलं न्हवतं!"

त्या फोटोत डोळे मिटलेले आणि बुडबुडेच बुडबुडे. कमलताईंनी तो फ्रेम करून देवघराशेजारी लावलाय.

* * *

संगमनेरच्या तलावात सराव चालायचा. पाण्यात खाली राहायला कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधतात. एकदा मी तो पट्टाच घरी विसरलो. भाऊसाहेब म्हणाले, "थांबा," आणि टेम्पोतून कांद्याच्या काट्याची दोन-दोन किलोची मापं घेऊन आले. उपरण्यात गुंडाळून कमरेला कचकचून बांधली.

मॅडम म्हणाल्या, "भाऊसाहेब, काही झालं तर वजन एका झटक्यात सुटलं पाहिजे बरं का. ही गाठ सुटेल ना?"

भाऊसाहेबांची छाती फुगली. "मॅडम, ही गाठ बैलानं वढली तरी सुटायची न्हाई!"

त्या दिवशीचा सराव रद्द.

* * *

मग प्रत्यक्ष विहीर. खाली तीन पुरुष पाणी. पहिल्या खेपेला आम्ही समुद्रातल्यासारखे पाय हाणत गेलो आणि सगळा गाळ उठवला. चौऱ्याऐंशी फोटो काढले. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी हिरवेगार! दुसरं काही दिसेल तर शपथ.

स्टुडिओत ते चाळत बसलो होतो, तर एक गिऱ्हाईक मागून वाकून म्हणालं, "वा! हा हिरवा पडदा कुठून आणला? आमच्या प्री-वेडिंगला हाच लावा!"

शेवटी मॅडमनीच युक्ती काढली. पायातले पोहायचे रबरी पंख काढायचे, दोराला धरून गप लोंबकळायचं आणि गाळ बसेस्तोवर हलायचं नाही. पण तोवर नानांनी विहीर बुजवायला पुढच्या रविवारी जेसीबी सांगून ठेवला होता.

* * *

रविवारी सकाळी आम्ही विहिरीवर हजर. काठावर साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, शेंदूर लावलेले दगड. मॅडम सिलिंडर पाठीला लावायला लागल्या तशी जमलेल्या माणसांत कुजबुज सुरू झाली. बाईमाणसानं विहिरीत उतरू नये म्हणे, आसरा धरतात!

कमलताईंनी नारळ फोडला आणि मागं वळून बघितलं. "आसरा साती बायाच हायत ना? इतक्या वर्सांनी एक मैतरीन भेटाया आली, तर धरतील कशाला? बसवून च्या पाजतील!"



* * *

आम्ही तिघं उतरलो. दोराला लोंबकळून गाळ बसायची वाट बघितली. आणि खरं सांगतो, पूर्वेच्या कपारीत बारीक वाळू नाचत होती. भातातले तांदूळ उकळीला नाचतात ना, तशी! भाऊसाहेबांनी माझा दंड असा काही दाबला की वळ उठला. मी पटापट फोटो काढले. वर येऊन कॅमेरा सरळ नानांच्या हातात दिला. काय आनंद झाला होता मला!

नानांनी फोटो पाहिले आणि कॅमेरा परत केला. "ह्यांच्या फोटोवर इस्वास ठेवू व्हय? माज्या लग्नाच्या अल्बमात ह्यांनी मागं बर्फाचे डोंगर लावल्यात. आमी पाथर्डीच्या पुढं गेल्तो का?"

डोंगर मीच लावले होते!

जेसीबी बांधावर येऊन उभा होता. भाऊसाहेब पाठीचा सिलिंडर उतरवायला लागले. कमलताई तेवढ्या पुढं झाल्या. "नाना, तुमी पवायला ह्याच हिरीत शिकलाव. मग सोता उतरून बगा की."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? मॅडमनी पायऱ्यांवरच्या उथळ पाण्यात पाऊण तास नानांना श्वास घ्यायला शिकवलं. मग हात धरून, हळूहळू, खाली नेलं. वरून आम्हाला नुसते बुडबुडे दिसत होते. कमलताईंचे ओठ हलत होते.

नाना वर आले. पायरीवर बसले आणि स्वतःचा उजवा पंजा उघडून बघत राहिले.

"काय रं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"वहिनी," नाना म्हणाले, "गार पानी हाताला ढकलतंय वो खालनं."

कमलताईंनी तोंडाला पदर लावला. तेवढ्यात जेसीबीवाला बांधावरून ओरडला, "नाना, लई येळ झाला! लोटू का माती?"

नाना ताडकन उठले.

"पयली माज्या तोंडात लोट!"