चौकातल्या फुल्या

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दोन महिने हिंगोलीतल्या घरी पलंगावर पडून होते. वीस वर्षं ऑफिसात आवक-जावक सांभाळलेली बाई मी, मला रिकामं बसणं जमेना. मग मोबाइलवर एक ऑनलाइन खेळ घेतला. नदीकाठी तुम्हाला जागा मिळायची. तिथं घर बांधायचं, विहीर खणायची, शेत करायचं. शेजारी जगभरचे लोक. अक्का मला बघायला आली तेव्हा तिच्याही फोनमध्ये तो टाकून दिला आणि तिला माझ्याच शेजारची जागा घेऊन दिली.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. सेनगावच्या पुढच्या एका खेड्यात तिला दिलेली. काही वर्षांपूर्वी तापात तिचे कान गेले आणि आमचं फोनवरचं बोलणं संपलं. व्हॉट्सॲप होतं, पण त्यावर ‘जेवलीस का’ आणि ‘जेवले’ याच्यापुढं गाडी सरकत नव्हती. खेळात मात्र ती मोकळी झाली. हाताला काम असलं की माणूस बोलतं. माझ्या वाफ्याला पाणी देता देता ती लिहायची, ‘काहून गं, गुडघा वाकून राहिला का आता?’ मग सुनेचं, म्हशीचं, विहारातल्या पौर्णिमेचं. तापानंतर तिचं एवढं बोलणं मी पहिल्यांदाच वाचत होते.

ती सातवी शिकलेली, तेही मराठीत. आमचा बाप मोठेपणी प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं आमच्या हातात पाटी दिली. अक्काचं अक्षर अजून छापल्यासारखं आहे.

खेळ तसा पार बिघडलेला होता. सर्व्हर आडवा व्हायचा आणि तुमची विहीर गायब. चोर भिंतीतून आरपार चालत यायचे. चॅटमध्ये घाण शिव्या, बाई दिसली की जास्तच. एकदा एक गडी अक्काच्या दारात उभा राहून इंग्रजीत नको नको ते लिहीत होता. अक्कानं मला विचारलं, ‘काय म्हणून राहिलाय गं हा?’ मी लिहिलं, ‘तुझ्या घराचं कौतुक करून राहिलाय.’ तिनं त्याला दोन भोपळे दिले.

सगळे खेळाडू कंपनीला शिव्या घालत होते. अर्धे सोडून गेले होते. मग मोठं अपडेट येणार अशी घोषणा झाली, आणि एका रविवारी दुपारी ते आलं.

खरं सांगते, अपडेट चांगलं होतं. भिंती भिंतींसारख्या झाल्या. सर्व्हर पडेना. शिव्यांसाठी नवी चाळणी लावली होती. वाईट शब्द लिहिला की त्याच्या जागी फुल्या उमटायच्या. खेळाडूंच्या फोरमवर दिवाळी होती. ‘खेळ वाचला’, ‘रडलो मी आज’, असं लोक लिहीत होते. सोडून गेलेले परत आले.

मी आत गेले तर अक्का माझ्या अंगणात उभी. खेळात लिहिलेलं माणसाच्या डोक्यावर उमटायचं; तिच्या डोक्यावर नुसत्या फुल्या. मी लिहिलं, ‘काय झालं?’ माझ्याही फुल्या. चाळणीला देवनागरी अक्षर कळतच नव्हतं, त्यामुळं सगळंच तिच्या लेखी शिवी होतं. थोड्या वेळानं अक्काच्या पडद्यावर इंग्रजीत लाल पाटी आली. तिनं फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मी काय वाईट लिहिलं गं?’

पाटीवर लिहिलं होतं की अभद्र भाषा वापरल्याबद्दल चोवीस तास लिहायला बंदी. तिनं माझा गुडघा विचारला होता.

मी कंपनीला इंग्रजीत तक्रार केली. छापील उत्तर आलं: आपला अभिप्राय आम्हाला महत्त्वाचा वाटतो. फोरमवर लिहिलं तर लोक माझ्यावरच उलटले. ‘इतक्या दिवसांनी काहीतरी चांगलं झालं, त्यात खोट काढू नका.’ खेळातल्या आमच्या गटाचा प्रमुख नागपूरचा एक इंजिनिअर होता, सभ्य माणूस. तो फोनवर म्हणाला, “ताई, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहा ना. आम्ही सगळे तेच करतो. काय फरक पडतो?”

“माझ्या बहिणीला पडतो,” मी म्हटलं. “तिला ती अक्षरं येत न्हाईत.”

“मग शिकवा.”

मीही आधी तेच करायला निघाले होते. पुढच्या रविवारी गुडघा सांभाळत जीपनं तिच्या गावी गेले, वही घेतली, ए-बी-सी-डी काढून दिली. ओसरीवर तिनं पाच मिनिटं ती बघितली, मग मिटून माझ्या मांडीवर ठेवली. बोलताना तिचा आवाज आता फार मोठा लागतो. शेजारणी वळून बघायला लागल्या.

“ह्या वयात मी काहून शिकू? मला लिहिता येत न्हाई का? मला येतंय. त्यांना वाचता येत न्हाई. तकलीफ त्यांची हाय.”

मी वहीवर लिहिलं, ‘मग करायचं काय?’

“मी चौकात जाऊन लिहिणार. किती येळा बंदी घालतेत बघू.”

खेळात मधोमध एक चौक होता, सगळे येता-जाता तिथूनच जायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का तिथं जाऊन बसली आणि लिहायला लागली. फुल्यांच्या ओळीवर ओळी. बंदी आली. बंदीच्या दिवशी ती तिथंच मुकाट बसून राहिली आणि बंदी उठली तशी पुन्हा सुरू. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मी पुन्हा ऑफिसला जायला लागले होते, पण जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला सारून बसायचे. आम्ही एकमेकींना खरोखरचं लिहायचो, नुसती अक्षरं बडवायची नाहीत हे अक्कानं बजावलं होतं. दोघींपैकी कुणालाच ते वाचता येत नव्हतं. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर तिला विचारायचे, ‘आज काय लिहिलंस?’ ती लिहायची, ‘तुला तिथंच सांगितलं की.’

येणारे-जाणारे हसायचे. ‘शिवराळ म्हाताऱ्या’ असं आमचं नाव पडलं. चौथ्या दिवशी वारंगा फाट्याचे काका आले. आमच्याच गटातले, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते आजवर इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहायचे. बसण्याआधी त्यांनी तसंच लिहिलं, ‘जागा आहे का?’ बसल्यावर मात्र फुल्या.

मग अनोळखी माणसं यायला लागली. कोण कुठला, कळायला मार्ग नव्हता, कारण त्यांचंही सगळं फुल्याच होतं. कुणी तमिळ असेल, कुणी बंगाली, कुणी तिसऱ्याच देशाचा. एक जण येऊन अक्काच्या समोर बसला, तीन फुल्या लिहिल्या आणि वाकून नमस्कार केला. अक्कानं उलट नमस्कार केला आणि भलीमोठी ओळ लिहिली. महिनाभरात चौक इतका भरला की मधून गाडा जाईना. कुणीतरी वरून फोटो काढून फोरमवर टाकला. त्याच्याखाली भांडणं जुंपली. ‘ह्यांना हाकला’ म्हणणारे होते, आणि पहिल्यांदाच ‘ह्यांचं बराबर आहे’ म्हणणारेही होते. नागपूरच्या प्रमुखानं तिथं लिहिलं, ‘माझी आजी असती तर तिथंच बसली असती.’ त्यानं माझी माफी काही मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी तो चौकात दिसला.

आणखी काही आठवड्यांनी एक लहान अपडेट आलं. बदलांच्या यादीत अगदी तळाशी लिहिलं होतं, ‘काही लिप्यांबाबत किरकोळ दुरुस्त्या.’ किरकोळ! दोन बायांना दोन महिने शिवराळ ठरवलं, त्याची दिलगिरी नाही, आभार नाहीत. मी डबा तसाच टाकून चौकात गेले. अक्का आधीच होती. तिच्या डोक्यावर अक्षरं होती.

‘ह*द शिजवून झाली. तुझा गुडघा कसा हाय?’

मी ते दोनदा वाचलं आणि डोळे पुसून लिहिलं, ‘बरा हाय. पण तुझ्या हळदीत फुली काहून?’ माझ्या वाक्यातही तीच फुली. चाळणीतून सगळी अक्षरं सुटली होती, एकटा ळ अडकला होता.

काकांनी लिहिलं, ‘जाऊ द्या आता बाई, एका अक्षरासाठी कुठं भांडता. ल लिहा, समजून घेऊ.’

अक्कानं त्यांना उत्तर दिलं, ‘मी हलद खात न्हाई.’

चौकातली गर्दी पांगली. ज्यांची अक्षरं परत मिळाली ते आपापल्या शेताकडं गेले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आम्ही दोघी अजून दुपारी जाऊन बसतो, काकाही कधी कधी येतात. अक्का मुद्दाम ळ असलेलेच शब्द काढते. काल तिनं एका दमात लिहिलं, ‘क*शी घासली, डा* निवडली, वा*वण गो*ा केलं, क*मनुरीची पाहुणी आली.’ मी त्याचा फोटो काढून सहाव्या तक्रारीला जोडला. यावेळी तक्रार मराठीतच लिहिली आहे. वाचता येत नसेल तर त्यांनी कुणालातरी विचारावं.